एका प्रश्नाला एकच उत्तर

आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर क्षणाक्षणाला वाढत असते. अमावास्येच्या अखेरीस ते शून्य अंश असते, पौर्णिमेच्या अखेरीस १८०. या वर्तुळाचे बारा-बारा अंशांचे तीस भाग केले की तीस तिथी मिळतात. शून्यापासून बारा अंशांपर्यंत शुद्ध प्रतिपदा, बारापासून चोवीसपर्यंत द्वितीया, आणि असेच पुढे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळून जाताना तो झपाझप चालतो, दूर असताना रेंगाळतो. म्हणून बारा अंशांची मजल कधी वीस तासांत संपते, तर कधी तिला साडेसव्वीस तासही लागतात. सरासरी धरली तर तिथी २३ तास ३७ मिनिटांची, म्हणजे दिवसाहून थोडी आखूड.

आता दोन प्रश्न विचारून पाहू. पहिला प्रश्न: अमुक क्षणी कोणती तिथी चालू होती? क्षण कोणताही घ्या, उत्तर मिळतेच आणि ते एकच मिळते. अंतर नेमके बारा अंश असण्याचा क्षण तेवढा अडचणीचा, कारण तिथे प्रतिपदा संपते आणि द्वितीया लागते. तो क्षण द्वितीयेचा मानायचा असे एकदा ठरवले की तीही अडचण उरत नाही. दुसरा प्रश्न: अमुक दिवशी कोणती तिथी होती? इथे गाडी अडते. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत बहुतेक वेळा दोन तिथींचा अंमल असतो, कधी तीन तिथींचा. दिवस आणि त्या दिवशी येऊन गेलेली तिथी यांचे नाते आहे यात शंका नाही, पण दिवस सांगितल्याने तिथी ठरत नाही.

दोन संचांतल्या वस्तूंच्या जोड्या लावल्या की गणितात त्याला संबंध म्हणतात. जोड्या कशाही लावा, हरकत नसते. फलन हा त्यातलाच, पण दोन कडक अटी पाळणारा संबंध. पहिल्या संचातल्या प्रत्येक वस्तूला जोडीदार मिळालाच पाहिजे, ही पहिली अट. तो एकच असला पाहिजे, ही दुसरी. क्षण आणि तिथी हे फलन आहे. दिवस आणि त्या दिवशी चालू असलेली तिथी हा नुसता संबंध आहे.

पंचांगकर्त्यांनी या संबंधाचे फलन कसे केले हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी एक नियम घातला: सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. एका दिवसात सूर्योदय एकदाच होतो, आणि क्षणाला तिथी एकच असते हे तर आपण पाहिलेच. म्हणजे दिवसावरून सूर्योदयाचा क्षण मिळाला, क्षणावरून तिथी मिळाली. एका फलनाला दुसरे फलन जोडले की तयार होते तेही फलनच असते. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात एकच तिथी छापता येते ती या जोडणीमुळे.

त्यातही एक बारकावा आहे. मुंबईत सूर्य उगवतो त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी तो नागपुरात उगवलेला असतो. या पंचवीस मिनिटांत एखादी तिथी संपली तर त्या दिवसाची तिथी नागपुरात एक आणि मुंबईत दुसरी येईल. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, सूर्योदय मात्र गावोगावचा वेगळा. म्हणून नुसत्या दिवसावर हे फलन उभे राहत नाही, त्याला दिवस आणि स्थळ अशी जोडी पुरवावी लागते. अमेरिकेतल्या मराठी घरात भारतातले कॅलेंडर टांगले तर त्यातली तिथी तिथल्या सूर्योदयाशी जुळेलच असे नाही, ते यामुळे. फलनाला काय पुरवायचे, म्हणजे त्याचा प्रांत कोणता, हे स्पष्ट केल्याशिवाय ते फलन पुरते सांगून झालेले नसते. विद्यार्थी सूत्र पाठ करतात आणि प्रांताकडे दुर्लक्ष करतात, तिथेच पुढच्या निम्म्या चुकांचे मूळ असते असे मला वाटते.

आता हेच नाते उलटे धरू. तिथी सांगितली, तर दिवस ठरतो का? एक चांद्रमास आणि एक पक्ष घेऊ. त्यात पंधरा तिथी. प्रत्येकीला आपला असा एक दिवस मिळावा ही अपेक्षा रास्त वाटते. पण कधीकधी एखादी तिथी सूर्योदयानंतर लागते आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपते. तिला एकही सूर्योदय मिळत नाही, म्हणून एकही दिवस मिळत नाही. हा तिथीचा क्षय. याउलट एखादी लांबलचक तिथी एका सूर्योदयाच्या जरा आधी लागते आणि दुसऱ्या सूर्योदयानंतर संपते. तिच्या वाट्याला दोन दिवस येतात. ही वृद्धी. फलनाच्या दोन अटी मोडण्याचे दोनच मार्ग असतात, आणि पंचांगात दोन्हींना नावे आहेत. क्षयात पहिली अट मोडते, उत्तरच मिळत नाही. वृद्धीत दुसरी मोडते, उत्तरे दोन मिळतात. सरळ बाजूने फलन असलेले नाते उलट्या बाजूने फलन राहीलच असे नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

वृद्धीच्या वेळी लागोपाठच्या दोन दिवसांना एकच तिथी येते. मग दिवसाकडून तिथीकडे जाणारे फलन बिघडले का? मुळीच नाही. पहिल्या दिवसाला विचारले, एक उत्तर मिळाले. दुसऱ्याला विचारले, एक उत्तर मिळाले. दोघांचे उत्तर सारखे निघाले एवढेच. अनेकांना मिळून एक उत्तर चालते, एकाला अनेक उत्तरे चालत नाहीत. व्याख्या अशी एकाच बाजूला झुकलेली आहे, आणि शिकणाऱ्याचा गोंधळ बहुतेक वेळा याच ठिकाणी होतो. फ(क्ष) = क्ष² हे घ्या. ३ दिले तर ९ येतात, −३ दिले तरी ९ येतात, आणि हे निर्दोष फलन आहे. सगळ्या संख्यांना ५ हेच उत्तर देणारे फलनही निर्दोष आहे.

एकाला दोन उत्तरे दिली तर असे काय बिघडते? बिघडते ते बरोबरीचे चिन्ह. फ(क्ष) ही खूण एखाद्या नावासारखी वापरली जाते. फ(९) असे लिहिले की ती एका ठरावीक संख्येची ओळख असते, आणि त्या संख्येच्या जागी ती खूण आणि खुणेच्या जागी ती संख्या बेधडक ठेवता येते. समजा ९चे वर्गमूळ ३ही आहे आणि −३ही आहे असे म्हणून आपण दोन्हीकडे तीच खूण लिहिली. म्हणजे √९ = ३ आणि √९ = −३. दोन्ही डाव्या बाजू एकच, म्हणून ३ = −३. दोन्हीकडे ३ मिळवले की ६ = ०. एवढ्याशा सवलतीने सगळे अंकगणित कोसळते. म्हणून √ हे चिन्ह फक्त शून्य किंवा धन वर्गमूळ दाखवते असा संकेत आहे. क्ष² = ९ या समीकरणाला दोन उत्तरे आहेत हे खरे, आणि √९ म्हणजे फक्त ३ हेही खरे. पहिले विधान समीकरणाबद्दल आहे, दुसरे फलनाबद्दल.

सूर्योदयाच्या नियमाने जे केले तेच इथे या संकेताने केले: दोन उमेदवारांतून एकाची निवड. कॅल्क्युलेटरवरही हीच युक्ती वापरलेली आहे. ३० अंशांचा साइन अर्धा असतो आणि १५० अंशांचाही अर्धाच असतो. तरी अर्ध्यावरून उलटा कोन विचारला की कॅल्क्युलेटर दरवेळी ३०च दाखवतो. उत्तर −९० ते ९० अंशांच्या पट्ट्यातलेच द्यायचे असे आधी ठरवलेले असते, आणि त्या पट्ट्यात प्रत्येक साइनला नेमका एक कोन सापडतो.

आलेख काढला की हे सगळे डोळ्यांना दिसते. क्ष-अक्षावरच्या कोणत्याही बिंदूतून उभी रेषा काढा. ती आलेखाला दोन ठिकाणी छेदत असेल तर त्या एका क्षला दोन उत्तरे आहेत, म्हणून तो आलेख फलनाचा नव्हे. क्ष² + य² = २५ हे ५ त्रिज्येचे वर्तुळ. क्ष = ३ येथून उभी रेषा काढली तर ती वर्तुळाला य = ४ आणि य = −४ अशी दोन ठिकाणी छेदते. पूर्ण वर्तुळ म्हणून फलनाचा आलेख होऊ शकत नाही, त्याची वरची अर्धी कमान होऊ शकते. आडवी रेषा कितीदा छेदते याच्याशी या कसोटीचे देणेघेणे नाही.

फलने किती विरळ असतात याचा अंदाज लहान संचांवरून येतो. तीन वस्तूंचा एक संच आणि तीन वस्तूंचा दुसरा संच घेतला तर एकूण नऊ जोड्या शक्य आहेत. प्रत्येक जोडी घ्यायची किंवा सोडायची, म्हणून संबंध २⁹ म्हणजे ५१२ होतात. त्यांतली फलने किती? पहिल्या संचातल्या प्रत्येक वस्तूला तीन पर्याय, म्हणून ३ × ३ × ३, म्हणजे २७. आणि उलट्या बाजूनेही फलन राहणारी, म्हणजे दोन्हीकडून एकास-एक जुळणारी? फक्त ६.

आतापर्यंत सूत्राचा उल्लेख व्याख्येत एकदाही आलेला नाही. हे मुद्दाम केलेले नाही, व्याख्येतच सूत्र नाही. शाळेत मात्र फलन बहुधा गिरणीसारखे शिकवले जाते: वरून धान्य टाकायचे, आत काहीतरी फिरणार, खालून पीठ पडणार. सुरुवातीला हे चित्र मदत करते, पण त्यामुळे आत जाते फिरत असलेच पाहिजे अशी समजूत डोक्यात घट्ट बसते. ती काढून टाकायला गणितज्ञांनाही शंभरावर वर्षे लागली.

१७१८ साली योहान बर्नुली यांनी फलनाची व्याख्या केली ती अशा अर्थाची: चल राशी आणि स्थिर राशी कोणत्याही रीतीने एकत्र करून बनलेली राशी. त्यांचे शिष्य लेओनार्ड ऑयलर यांनी १७४८च्या ग्रंथात जवळपास हेच पुढे नेले आणि फलन म्हणजे सूत्र असे धरले. त्याच सुमारास ताणलेल्या तारेच्या कंपनांचा वाद पेटला. तार मधोमध बोटाने ओढून धरली तर तिचा आकार दोन सरळ रेषांचा होतो, मधे कोपरा. डावीकडच्या भागाचे सूत्र वेगळे, उजवीकडच्याचे वेगळे. हे एक फलन की दोन? फ्रेंच गणितज्ञ दालांबेर अशा आकाराला मान्यता द्यायला तयार नव्हते. ऑयलर तयार होते, कारण तार खरोखर तशी ओढता येते. भौतिक वास्तवाने व्याख्येवर दबाव आणला आणि १७५५ साली ऑयलर यांनी ती बदलून लिहिली: काही राशी दुसऱ्या राशींवर अशा अवलंबून असतील की त्या बदलल्या तर याही बदलतात, तर यांना त्यांची फलने म्हणावे. सूत्र गेले, अवलंबन आले. तरी यातही एक खोट राहिली. सगळ्यांना ५ हेच उत्तर देणारे आपले फलन या शब्दांत बसत नाही, कारण तिथे काहीच बदलत नाही.

त्यानंतर जोसेफ फूरिये आले. उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना त्यांनी १८०७ साली पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे एक निबंध ठेवला. कोणतेही फलन साइन आणि कोसाइन यांच्या अनंत बेरजेने मांडता येते, असा त्यांचा दावा होता. लाग्रांजसारख्या बुजुर्गांना तो पटला नाही. १८२२ साली फूरिये यांचा उष्णतेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण ‘कोणतेही फलन’ म्हणजे नेमके कोणकोणते, हा प्रश्न तसाच लोंबकळत होता. तरुणपणी पॅरिसमध्ये शिकलेले जर्मन गणितज्ञ पेटर लज्यून डिरिक्ले यांनी १८२९ साली तो हातात घेतला. फूरियेंची बेरीज कोणत्या अटींवर खरी ठरते हे त्यांनी सिद्ध केले आणि निबंधाच्या शेवटी, त्या अटींत न बसणारे एक फलन ठेवून दिले: क्ष परिमेय असेल तर उत्तर एक संख्या, अपरिमेय असेल तर दुसरी.

सोयीसाठी त्या संख्या १ आणि ० धरू. १/२ दिले की १ मिळतो, √२ दिले की ० मिळतो. प्रत्येक वास्तव संख्या परिमेय तरी असते किंवा अपरिमेय तरी, एकाच वेळी दोन्ही कधीच नसते. म्हणजे दोन्ही अटी पाळल्या जातात. पण याचा आलेख काढायला बसा. कोणत्याही दोन परिमेय संख्यांच्या मधे अपरिमेय संख्या असतात आणि कोणत्याही दोन अपरिमेयांच्या मधे परिमेय. पेन्सिल वरच्या रेषेवर टेकवली की लगेच खाली यावे लागते, खाली टेकवली की लगेच वर. काढताच येत नाही असा हा आलेख, आणि तरी फलन शंभर टक्के खरे. डिरिक्ले यांनी १८३७ साली स्पष्ट लिहिले की य हे क्षवर सगळीकडे एकाच नियमाने अवलंबून असण्याची गरज नाही, आणि ते गणिती क्रियांनी मांडता येण्याचीही गरज नाही. प्रत्येक क्षला एक निश्चित य मिळाला की झाले.

एखादे फलन माहीत असणे आणि त्याची सगळी उत्तरे माहीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. π या संख्येचा दशांश विस्तार घ्या: ३.१४१५९ आणि पुढे. न दिला की दशांशचिन्हानंतरचा न-वा अंक सांगायचा, असे फलन करू. १ला १, २ला ४, ३ला पुन्हा १, ४ला ५. न म्हणून एकावर पन्नास शून्ये एवढी संख्या दिली तर तो अंक आजवर कोणी काढलेला नाही. पण तो ठरलेला आहे, शून्य ते नऊ यांतलाच आहे आणि एकच आहे. फलनाला तेवढे पुरते.

आणि सूत्राशिवाय फलन वापरणे हे काही युरोपात एकोणिसाव्या शतकात सुरू झाले असेही नाही. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास ज्यांची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी लागोपाठच्या ज्यांतल्या फरकांच्या रूपाने दिली. वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून, पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस कोनांच्या ज्या: पहिली २२५, दुसरी ४४९, तिसरी ६७१, आणि आठवी, म्हणजे ३० अंशांची, १७१९, बरोबर त्रिज्येच्या निम्मी. चोवीस कोन, चोवीस उत्तरे, प्रत्येक कोनाला एक. आजच्या भाषेत फलन म्हणजे क्रमित जोड्यांचा संच, ज्यात पहिला घटक समान पण दुसरा घटक वेगळा अशा दोन जोड्या नसतात. फ्रान्समधल्या बुर्बाकी या गणितज्ञांच्या गटाने १९३९च्या आपल्या ग्रंथात फलनाची संचांवर बेतलेली व्याख्या रूढ केली. त्या व्याख्येत आर्यभटांची सारणी जशीच्या तशी बसते. सारणी हेच ते फलन.

निवडीच्या नियमाकडे पुन्हा एकदा वळायला हवे, कारण नियम बदलला की फलन बदलते. संकष्टी कोणत्या दिवशी हे ठरवताना सूर्योदय पाहत नाहीत, चंद्रोदयाला चतुर्थी आहे का ते पाहतात. गणेश चतुर्थीला मध्यान्हकाळ पाहतात, कृष्णजन्माला मध्यरात्र. स्मार्त आणि भागवत एकादशी कधीकधी वेगवेगळ्या दिवशी येतात, त्याचेही कारण हेच: आकाश एकच, निवडीचे नियम दोन. आणि नियम अपुरा पडला तर काय होते हे २०२४च्या दिवाळीत सगळ्यांनी पाहिले. लक्ष्मीपूजनासाठी प्रदोषकाळी अमावास्या हवी. त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही दिवशी संध्याकाळी ती होती, म्हणजे मूळ नियमाने दोन उत्तरे दिली. मग त्यांतला एक दिवस उचलण्यासाठी पुढचा नियम लावावा लागला. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, उत्तरेत अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबरला पूजा झाली. खगोलाच्या गणिताबद्दल वाद फारसा नव्हताच. दोन उत्तरांतून एक कसे निवडायचे, याबद्दल होता.

निवड करायची नसेल तर दुसरी एक वाट आहे: प्रश्नच अधिक बारीक करणे. शके १९४५ मध्ये, म्हणजे २०२३ साली, श्रावण दोनदा आला. श्रावण शुद्ध पंचमी एवढेच सांगितले तर दिवस दोन. इथे पंचांगाने एक श्रावण टाकून दिला नाही. एकाला अधिक म्हटले, दुसऱ्याला निज, आणि २१ ऑगस्टची नागपंचमी निज श्रावणातली ठरली. नावाला एक विशेषण जोडल्याबरोबर एकाला एक उत्तर मिळू लागले.

बर्नहार्ड रीमान यांनी १८५१ साली ग्यॉटिंगेनच्या आपल्या प्रबंधात वर्गमूळाबाबत याच धर्तीचे काहीतरी केले, फार खोलवर. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर ४पासून निघून शून्याभोवती एक फेरी मारली आणि वाटेत वर्गमूळ सलग बदलत ठेवले, तर सुरुवातीला २ असलेले वर्गमूळ परत ४वर येताना −२ होते. आणखी एक फेरी मारली की पुन्हा २. म्हणजे सगळ्या प्रतलावर धन-ऋणाची निवड कुठेही उडी न घेता निभावता येत नाही, कुठेतरी छेद द्यावाच लागतो. रीमान यांनी निवड करण्याऐवजी प्रतलाचे दोन थर घेतले आणि ते असे जोडले की एक फेरी मारली की माणूस एका थरावरून दुसऱ्यावर जातो, दुसऱ्या फेरीत परत पहिल्यावर येतो. वरच्या थरावरचा ४ आणि खालच्या थरावरचा ४ हे आता दोन वेगळे बिंदू झाले. एकाचे वर्गमूळ २, दुसऱ्याचे −२, आणि शून्य तेवढे दोन्ही थरांना सामाईक. या पृष्ठावर वर्गमूळ हे फलन आहे, कुठलाही संकेत न घालता.